म्हशीनं खाल्लेली दृष्ट

"मागं सर गं, तुझी सावली पडती म्हशीवर!" माझ्या चुलत सासू गोठ्याच्या दारातनं ओरडल्या. राजगडावरची माकडं तेवढी खाली पडायची राहिली.

मी शिवऱ्याहून लग्न होऊन पालीत आले आणि त्याच आठवड्यात म्हशीनं पान्हा चोरला. घागरीनं दूध देणारी ती, वाटी भिजवेना. चुलत सासूंनी निवाडा करून टाकला : नव्या नवरीची नजर. म्हशीवरून मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या, आणि धुराचा ठसका जिला लागणार नाही, तिचीच नजर. ती मी निघाले तर माझी माहेरी रवानगी. परत आणायचं कुणी बोलत नव्हतं.

आता माहेरी मिरच्या भाजायचं काम माझं. ठसका म्हणजे काय, हे माझ्या नरड्याला ठाऊकच नव्हतं. माझं गाठोडं बांधल्यातच जमा होतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सख्ख्या सासू, मूठ भरून आल्या. मूठ चुलीत पडेपर्यंत ओवाळणारीनं तोंडातनं शब्द काढायचा नाही, नाहीतर दृष्ट तिच्यावरच उलटते. मी दावं धरलं. आत्याबाईंनी मूठ फिरवली, आणि म्हशीनं जीभ काढली. केवढी म्हणाल, तर होडीच्या वल्ह्याएवढी. त्या साली शहरातली माणसं मिठापायी तुरुंगात जात होती, आमची म्हैस काय मागं राहते? तिनं आत्याबाईंची बोटं एकेक करून उलगडली आणि मीठ-मिरच्यांसकट सगळं चाटून बांगड्याही लख्ख केल्या. आत्याबाईंचे डोळे गाडीच्या चाकाएवढे झाले, पण ओठ मिटलेले.

"अगं, दृष्ट खाल्ली की तिनं," चुलत सासू म्हणाल्या. "आता चुलीत काय टाकणार, कप्पाळ?"

मग मिरची लागली. म्हैस अशी रेकली, की पार पानशेतात लोकांनी दारं लावून घेतली. हौद रिकामा करून ती तळाचा चिखल चाटत बसली.

संध्याकाळी आत्याबाई धारेला बसल्या. म्हैस मान वळवून त्यांची मूठ हुंगायला लागली, काही मिळेना तशी लाथ झाडली. मी मिठाचा खडा तळहातावर घेऊन तिच्या तोंडाशी उभी राहिले. ती खडा चाटत राहिली आणि खाली पान्हा सुटला. चरवी भरली, घागर भरली, शेवटी परात लावली. खोटं वाटत असेल तर वाटू दे, परात अजून आहे.

चुलत सासू दारातच होत्या. "दूध आलं, बरं झालं. पण मीठ चुलीत पडलंच न्हाई. नजर कुणाची ते ऱ्हायलंच की. सुनंला माहेरी धाडतीस का न्हाई?"

आत्याबाईंनी धार थांबवली नाही.

"मीठ कोण धरंल मग, आक्का?"