वाढदिवसाच्या आदल्या दिवशी

रशियातल्या ज्या बंदराच्या शहरात मी शिकले, तिथलं विद्यापीठ काही नावाजलेलं नव्हतं. आसपासच्या जिल्ह्यांतली मुलं आणि आम्ही मूठभर परदेशी. वर्गाच्या खिडकीतून गोदीतल्या क्रेन दिसायच्या. पहिलं वर्षभर आम्हाला नुसतं रशियन शिकवलं. ते शिकवणाऱ्या शिक्षिकेला मी सवयीनं ‘बाई’ म्हणून बसले. त्यांनी अर्थ विचारून घेतला, आणि माझ्यापुरत्या त्या कायमच्या बाई झाल्या. एकट्याच राहायच्या. मी तापानं फणफणले तेव्हा मला हॉस्टेलवरून घरी घेऊन गेल्या आणि आठ दिवस रागावत रागावत सूप पाजलं.

आता मी आयर्लंडमध्ये, लिमरिकला औषधांच्या कारखान्यात आहे. बाईंना वाढदिवसाला फोन करायचा, एवढा एक नेम मी इतकी वर्षं पाळला. यंदा नेमकी त्या दिवशी बारा तासांची शिफ्ट आली, आणि आत मोबाइल नेता येत नाही. म्हणून मी शहाणपणा केला. आदल्या दिवशीच त्यांच्या घरच्या फोनवर शुभेच्छा देऊन टाकल्या.

बाईंनी मला मधेच तोडलं. तिकडे वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. पाच वर्षं तिथं काढून मी ते साफ विसरले होते.

“हे मी ऐकलंच नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या कर. उशीर झाला तरी चालेल.”

“नक्की करते, बाई,” मी म्हटलं. मला हसूच येत होतं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. ताट वाढता वाढता नवऱ्यानं विचारलं, “अगं, बाईंना फोन?”

“कालच झाला की. उद्या करते परत.”

तो उद्या आठवडाभर लांबला.

रविवारी फोन शेजारणीनं उचलला. बाई शुक्रवारी झोपेतच गेल्या होत्या. अपशकुन वगैरे मी मानत नाही. पण कबूल करून मी फोन केला नाही, आणि याची मला अजून लाज वाटते. वाढदिवस कसा झाला, एवढंच मी कसंबसं विचारलं.

“आम्ही दोघी-तिघी होतो. फोन त्यांनी ताटाशेजारीच ठेवला होता. कुणाचा आला की लगेच ठेवायच्या. म्हणायच्या, माझ्या मुलीचा येणार आहे.” शेजारीण सांगत होती. “त्यांना मुलगी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिला कळवायला हवं. तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?”