तीन नंबरची फळी

मी माणूस तसा वाईट नाही. एका साडूपुरता आहे.

हा माझा थोरला साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. सडक अर्जुनीला हायवेवर त्याचा धानाचा व्यापार, मागे घर. बारा महिने पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट. दिवसभर धानाच्या कोंड्यात उभा राहूनही त्या पांढऱ्यावर डाग पडत नाही, हे मला लग्नापासून खुपत आलेलं. मी तिरोड्याकडच्या एका राईस मिलमध्ये फिटर आहे. माझ्या कपड्यांचा मूळ रंग कोणता होता, हे आता बायकोलाही सांगता येणार नाही.

तर झालं असं. मिलमधला धान वर नेणारा जुना लाकडी एलिव्हेटर मोडला आणि त्याच्या सागवानी फळ्या मालकानं मला दिल्या. मी अंगणात, उघड्यावर ठेवायला बाकडं केलं. फळ्या बसण्यातच संपल्या, म्हणून पाय आंब्याच्या लाकडाचे लावले. आता याला काहीतरी लावायला हवं, की ऊन-पावसात टिकेल. फिटरला एकच देव माहीत असतो, तो म्हणजे तेल. आमच्याकडे बैलबंडीला आणि कुंपणाच्या खांबाला इंजिनातलं जळकं ऑइल चोपडतात, वाळवी लागत नाही. मीही दोन हात चोपडलं. बाकडं चिखलातून निघालेल्या म्हशीसारखं दिसू लागलं. मग चकाकी यावी म्हणून त्या तेलावरच वॉर्निश मारलं.

तेलावर वॉर्निश वाळत नाही. दुधावरच्या सायीसारखं वरून वाळल्याचं दाखवतं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं ते मंडईच्या दिवशी. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. गावात दुकानं, पाळणे, रात्री दंडार म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, आणि प्रत्येक घरी पाहुण्यांचा राबता. साडू आला आणि त्या बाकड्यावर दोन तास बसला. उठताना चर्र असा आवाज झाला. फळ्या पाच होत्या. त्याच्या पॅन्टवर पट्टे पाच.

त्यानं मान वळवून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि भरल्या अंगणात म्हणाला, "फिटर, तुमी त मले मांगून झेब्रा करून टाकलं."

एवढ्यावर थांबला असता तर मी विसरलोही असतो. पण त्या साली जेवढी लग्नं झाली, त्या प्रत्येक मांडवात त्यानं ही गोष्ट सांगितली. बारशात सांगितली, तेरवीतही सांगितली. आणि मंडईनंतर आठच दिवसांनी त्याच्या टेम्पोतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आमच्या दारात उतरल्या, एक लाल, एक निळी. सोबत निरोप: "पाव्हन्याईले बसाले."

बायको त्यांवर बसून तांदूळ निवडायची. मी वर्षभर त्यांना पाठ टेकली नाही. चहा उभ्यानं प्यायलो. आणि ठरवलं, की पुढच्या मंडईला हा माणूस याच बाकड्यावर, याच पांढऱ्या कपड्यात, सगळ्यांदेखत बसेल आणि पांढराच उठेल. मग मी त्याच्याकडे नुसतं पाहीन.

मिलमध्ये नवीन यंत्र आलं की आम्ही ट्रायल घेतो. तशी घेतली. बाकडं कापताना उरलेल्या तुकड्यांच्या पाच छोट्या फळ्या केल्या, प्रत्येकीला वेगळं काही लावलं, नंबर टाकले आणि पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीच्या खिळ्यांना तारेनं लटकवल्या. एकीला ऑइलपेंट. दुसरीला घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल. तिसरीला साधं पारदर्शक वॉर्निश. ते देताना दुकानदार म्हणाला होता, "भैया, ये अंदर के काम का है, पलंग-दरवाजा," पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. चौथीला डांबर. पाचवीला दुकानातलं सगळ्यात महागडं पीयू पॉलिश. ते मी झिमझिम चालू असताना ओल्या लाकडावर मारलं, कारण रविवार एकच होता.

दर रविवारी सकाळी पाहणी. ऑइलपेंटला फोड आले, मग सालं निघाली. जवसाच्या तेलावर आठ दिवसांत काळी बुरशी आणि तीन आठवड्यांत मुंग्यांची रांग. पीयू आतल्या ओलीनं दुधाळ पडलं. डांबर पक्कं होतं, पण साडू रस्त्यावर बसल्यासारखा दिसला असता. आणि तीन नंबर? चार महिने धो-धो पावसानंतरही नवरदेवासारखी चमकत होती. दुकानदाराला आपल्याच मालाची किंमत कळत नाही, असं मी मिलमध्ये चार जणांना सांगितलं.

बाकडं खरवडलं, सोड्यानं धुतलं, आश्विनाच्या उन्हात कोरडं ठक्क होऊ दिलं आणि तीन नंबरचे तीन हात मारले. त्यात माझं तोंड दिसायचं. मंडईला चार दिवस होते. पाहुण्यांना पुरावा म्हणून फळ्या मांडून ठेवाव्या असं ठरवलं, तर भिंतीवर चारच.

"अजी, तीन नंबर त सैपाकघरात आहे," बायको म्हणाली.

"सैपाकघरात? काऊन?"

"तांदळाच्या डब्याचं झाकन फुटलं होतं ना. ते फळी बरोब्बर बसली. पानी सुरू झालं तवापासून तेथंच आहे."

"अवो, पन मी त दर रविवारी भिंतीवर पायत होतो!"

"तुमी रविवारी पायता. मी शनवारी सांजच्यान लटकवून देत होतो. नाई त तुमी बोंबलले असते." माझा चेहरा पाहून तिनं धीर दिला, "पन डब्यात एक सोंडा किडा नाई लागला, हे पा."

म्हणजे माझी विजयी फळी चार महिने तांदळावर बसली होती. पाऊस तिनं शनिवारच्या शनिवार पाहिला होता.

पण मंडईचा दिवस कोरडा होता, आणि सूड घ्यायला एकच दिवस पुरतो. साडू आला. बाकड्याला आधी रुमालानं पुसलं, रुमाल उलटून पाहिला, वास घेतला. सगळं अंगण पाहत होतं. बसला. दोन तास बसला. उठला तो पांढरा शुभ्र. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, ठरवल्याप्रमाणे.

"मानलं फिटर," तो म्हणाला. "कोनतं लावलं हे? मी सागवानाचं नवं फाटक करून रायलो, हायवेकडून. मले पन तेच पायजे."

माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक खरं होतं. मी आत जाऊन डबा आणला, त्यावरचं नाव चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि चिठ्ठी त्याच्या पांढऱ्या खिशात माझ्या हातानं घातली. "बाहेरच्या लाकडाले याच्यासारखं काईच नाई, भाऊ."

पुढच्या श्रावणात, लग्नानंतर पहिल्यांदाच, मी होऊन बायकोला म्हणालो, "चाल, तुह्या बहिणीले भेटून येऊ."

फाटक सापानं कात टाकावी तसं सोलून निघालं होतं. पांढुरके पापुद्रे वाऱ्यावर हलत होते आणि समोरच्या ढाब्यावरचे ट्रकवाले चहा पिता पिता पाहत होते. मी चुकचुकलो. इतकं सुंदर चुकचुकणं मला आयुष्यात जमलं नव्हतं. बायको मात्र नवऱ्याला आतून ओळखते.

"माह्या बहिणीच्या दाराची साल निघून रायली आन तुमी हासून रायले? तुमीच सांगतलं ना? मंग आता तुमीच खरवडा."

घरी परतलो तर माझ्याही बाकड्याची तीच अवस्था. सुडाच्या भरात विसरलोच होतो, की तेच वॉर्निश माझ्या अंगणातही त्याच पावसात भिजत होतं.

या वेळी दुकानदाराला न विचारता, होड्यांचं लाकूड पाण्यात कसं टिकतं ते पाहायला नवेगाव बांध या गावी गेलो. तलावावर मासे धरणारा एक म्हातारा ढिवर आपला डोंगा उलटा घालून डांबर लावत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, सूड वगळून. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "वरून काच लावल्यावानी करान त उन्हानं तडकते, मंग पानी आत जाते आन तेथंच बसते. लाकडात मुरंन असं लावा. आन लाकूड टोकानं पानी पेते. अंगाले कितीबी लावा, टोक उघडं रायलं त मेलं."

"किती वर्सं टिकते मंग?"

"दरसाल लावा लागते. एकडाव लावून मोकळं व्हाचं असंन, त शिमिटाचं करा."

पाऊस गेल्यावर चार रविवार मी साडूचं फाटक खरवडलं. तो समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोट दाखवायचा, "फिटर, तेथं रायलं पाय." त्याच्याकडे तशा आणखी चार खुर्च्या होत्या. मग उकळून पक्कं केलेलं जवसाचं तेल आणलं, थोडं तारपीन, उन्हासाठी थोडी लाल माती. पातळ हात द्यायचा, पाव तासानं वरचं सगळं पुसून काढायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, की पुन्हा. टोकांना चार-चार वेळा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात, त्या पसरून वाळवा, असं दुकानदार म्हणाला होता. साडूच्या बारदान्याच्या ढिगाकडे पाहत मी तो विचार मनातून काढला. दोनदा काढावा लागला.

काम करता करता ढिवराचं ज्ञान मी साडूला माझंच म्हणून ऐकवत होतो. "भाऊ, लाकूड टोकानं पानी पेते." तो मान डोलवायचा.

शेवटच्या रविवारी एकच टोक उरलं, डाव्या खांबाचं, अगदी वरचं. स्टुलावर चढल्याशिवाय ते कुणाला दिसणार नाही. मी चढलो, ब्रश तेलात बुडवला. तेवढ्यात ढाब्यावरचा एक ट्रकवाला फाटक पाहायला आला. साडू त्याला म्हणाला, "बढिया काम करता है अपना फिटर. पर एक बार का किस्सा सुनो, मेरे को पीछे से पूरा झेब्रा बना दिया था..."

मी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि खाली उतरलो.

"झालं?" साडूनं विचारलं.

"झालं."

उरलेल्या तेलात माझं बाकडं केलं. तसंच खरवडून, तसंच पुसून, तीन हात. मंडई आली. साडू आला, न पुसता बसला आणि खट झालं. मागचा पाय खचून तो बाकड्यासकट तिरपा झाला. लागलं काही नाही. उठून त्यानं बाकडं उलटं केलं आणि आंब्याच्या पायात, जमिनीवर टेकणाऱ्या बाजूनं, बोट खुपसलं. पेरभर आत गेलं.

"फिटर," तो शांतपणे म्हणाला, "लाकूड टोकानं पानी पेते. पायाले लावाचं रायलंच वाटते तुमचं."

अंगण इतकं हसलं, की दंडारीचा ढोल ऐकू येईना. बायकोही हसली. तिनं खुर्च्या आणल्या. साडू लाल खुर्चीत बसला आणि निळी माझ्याकडे सरकवली. "बसा ना."

बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. बरी होती खुर्ची, पाठीला आराम पडला.

ही गोष्ट तो आता झेब्र्याला जोडून सांगतो. दर पावसाळ्यात फोन करून कळवतो, की फाटक एकदम झकास आहे. मी विचारतो, डाव्या बाजूनंही? तो म्हणतो, डाव्या बाजूनंही. सागवान आहे, वेळ लागेल. आमच्याकडे पाऊस चार महिने असतो, आणि मला घाई नाही.