शेठच्या टाकीतला काळा स्पंज

बू तुमिराच्या, म्हणजे तुमिराबाईंच्या, घरात धूळ बसायलासुद्धा घाबरते, असं बांतुल गावातली सगळी गल्ली म्हणायची. त्यात खोटं काही नाही. सकाळी उठलं की बाईच्या हातात आधी घासणी यायची, मग चहाचा पेला. नवरा सार्कुन अंगणात चपला काढून आत गेला की ही त्या चपलाही धुऊन वाळत टाकायची. बिचारा कितीदा अनवाणी बाजारात गेलाय!

अशा बाईच्या गळ्यात सहा वर्षं एक मासा पडला होता. लेक वेनिंग हाँगकाँगला घरकामाला गेली, तेव्हा मागे ठेवून गेलेला गोल्डफिश. नारिंगी, पोट सुटलेला. नाव जुरागान, म्हणजे शेठ. शेठजींचा मुक्काम विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात. दर रविवारी वेनिंगचा फोन यायचा, आणि आईबापाची विचारपूस अर्धी व्हायच्या आत पोरगी म्हणायची, "आई, शेठ दाखव ना!" यंदाच्या ईदला ती पहिल्यांदाच घरी येणार होती. "त्याला काचेच्या टाकीत ठेव गं. दारातून आत आल्या आल्या मला तोच दिसू दे. पण उगाच पैसे घालवू नकोस."

पैसे घालवू नकोस, हे तुमिराला सांगायची गरजच नव्हती. नणंदेची जुनी टाकी तिनं फुकटात आणली, आणि दिराच्या बांधकामावरची मूठभर वाळू रुमालात बांधून ती पाखरांच्या बाजारात म्बाह कास्दीकडे, म्हणजे कास्दीआजोबांकडे, गेली. हा म्हातारा चाळीस वर्षं तिथं मासे विकत होता, आणि गिऱ्हाइकाला खूश करणं त्याला कधी जमलं नाही.

"ही वाळू चालेल ना, म्बाह? ढीगभर पडलीय."

म्हाताऱ्यानं वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. वाळू फसफसली.

"चुना-सिमेंट आहे हिच्यात. माशाला घर बांधून देताय का, बू?"

"मग ती निळी-गुलाबी खडी द्या. किती छान दिसतेय!"

"छान दिसतेच. पण गोल्डफिश दिवसभर तळाला तोंड घालून चघळत बसतो. एक खडा घशात अडकला की संपलं. ही घ्या, नदीची, बारीक चाळलेली. सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून तुम्हाला आवडायची नाही."

"स्वस्त आहे? मग आवडली," तुमिरा म्हणाली.

पाणी गाळायच्या यंत्रांत एक मोठा डबा होता, चार लाख रुपिया किमतीचा. तिनं त्याच्याकडे नुसतं बघून घेतलं. कास्दीनं एक काळा स्पंज आणि मुठीएवढा हवेचा पंप पुढं सरकवला. पंपाची हवा स्पंजातून पाणी ओढते, एवढंच त्याचं काम. शेठला एवढं बास.

"फक्त एक ऐका," तो म्हणाला. "स्पंज कधी नळाखाली धरायचा नाही, साबण तर नाहीच. महिन्यातून एकदा टाकीचंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात हलकेच पिळायचा. त्यावर जो चिकट मळ साठतो ना, तोच माशाची घाण पचवतो. तो गेला की मासा गेला."

तुमिरानं मान डोलावली. मळानं कुणी जगतं होय? पण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार!

दोन महिने शेठ मजेत होता. मग ईदची साफसफाई निघाली. पडदे उतरले, भिंती धुतल्या, पातेल्यांची बुडं चकाकली. शेवटी तिची नजर टाकीत गेली. पोरगी दारातून आत येणार आणि तिला काय दिसणार, तर हा बुळबुळीत काळा गोळा! तिला राहवलं नाही. तिनं स्पंज साबणानं खसाखसा चोळला, वाळू उकळत्या पाण्यात धुतली, सगळं उन्हात वाळवलं आणि टाकीत नवंकोरं पाणी भरलं. टाकी कशी आरशासारखी झाली.

तिसऱ्या दिवशी, रोज्याच्या शेवटच्या दुपारी, शेठ पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. त्याचे पर मिटून गेले होते. वेनिंग उद्या सकाळी येणार होती.

तुमिरानं सार्कुनला हाक मारली. "अहो, मी मारला त्याला!"

सार्कुन टाकीत डोकावला. मग हळूच म्हणाला, "अगं, अगदी असाच दुसरा मिळतो बाजारात. तिला काय कळतंय!"

"सहा वर्षं पोरगी लोकांची घरं घासतेय, आणि मी तिला खोटा मासा दाखवू? काढा गाडी."

बाजार बंद होता, म्हणून दोघं कास्दीच्या घरी गेली. स्पंज "स्वच्छ" केला असं ऐकल्यावर म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "तुम्हाला स्वर्गात पाठवलं तर तिथलीही फरशी घासाल!" पण तो आत गेला, त्यानं स्वतःच्या टाकीतला जुना, शेवाळलेला स्पंज काढला, कात्रीनं अर्धा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत बांधून तिच्या हातात दिला. "हा पंपाला लावा. विहिरीचं पाणी घालून थोडं थोडं बदलत राहा. खायला काही देऊ नका. वाचेलच असं सांगत नाही." तुमिरानं ती पिशवी घरापर्यंत छातीशी धरून आणली.

ईदच्या सकाळी शेठ एका अंगावर कलला होता, पण तळाशी उतरला होता आणि वाळूत तोंड घालत होता.

वेनिंग आली. ईदच्या रिवाजाप्रमाणे क्षमा मागायला आईच्या मांडीवर डोकं टेकणार, तोच तुमिरानं तिला थांबवलं. "थांब. आधी माझी क्षमा राहिलीय." असं म्हणून ती टाकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं, शेठला आणि लेकीलाही. दुसरा मासा आणायची गोष्ट आली तेव्हा सार्कुननं मान दुसरीकडे वळवली.

वेनिंग हसत-रडत टाकीपाशी आली. "हा बघ माझा शेठ! पण आई, हे काय? तुझ्या घरात एवढी घाण?" आणि सहा वर्षांच्या सवयीनं तिचा हात स्पंज काढून धुवायला पाण्यात गेला.

तुमिरानं तो मनगटापाशी घट्ट पकडला. हात साबणानं सोलवटला होता, बोटांना भेगा पडल्या होत्या. फोनवर हे कधी दिसलंच नव्हतं.

"असू दे घाण," ती म्हणाली. तिनं हात काही सोडला नाही. "बस इथं. काही घासायचं नाही."