सुतळीची चौथी गाठ

तर साधनाबाई मांडवाखाली बसली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मला म्हणाली, "आबा, येत्या मंगळवारी तोडणी. शुगर एकोणीस येतेय." काल आपण इथंच थांबलो होतो, कारण चहा आला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. साधनाबाई म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमधली, द्राक्षं पेट्यांत भरून बाहेर पाठवतात तिथली बाई. वय सेहेचाळीस, राहायला नाशकात, इंदिरानगरला. मण्यांत पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ पडून पिकायला लागले, की दर मंगळवारी ती माझ्या द्राक्षबागेत यायची, इथलातिथला मणी खुडून त्याचा रस काचेवर पिळायची आणि हातभर नाही, वीतभर नळकांड्यातून बघून गोडी सांगायची. गोडी अठरा झाली की तोडणीची टोळी येते आणि कात्री लागते. आधी तोडलं तर संपलं. द्राक्ष काही आंब्यासारखं आढीत पिकत नाही.

घरी ती आणि आई, दोघीच. तीच सांगायची, रोज संध्याकाळी दार उघडताना आई एकच विचारते, "आज किती गोडी?" यंदा पाणी उतरल्यावरच्या चौथ्या आठवड्यात म्हातारी गेली. पाचव्या मंगळवारी साधनाबाई कामावर आली. मी विषय काढला नाही, तिनंही नाही. पण चारच्या बसची घाई करणारी बाई त्या दिवशी बस जाऊ देऊन बसून राहिली. मी घोरपडीची गोष्ट सांगितली. मग विसरून तीच पुन्हा सांगितली, तरी ती हूं हूं करत होती. असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता, मी खूश. अर्ध्यात लक्षात आलं, ती गोष्ट ऐकतच नव्हती. नुसता माणसाचा आवाज ऐकत होती.

आता सहावा मंगळवार.

"एकोणीस?" मी म्हटलं. "आज किती हाय?"

"पंधरा पॉइंट चार."

"आन् मागच्या मंगळवारी?"

"चौदा."

"म्हंजे आठवड्याला दीडसुद्धा नाय. अन् आता एका हप्त्यात साडेतीन चढंल? बाई, तुझ्या यंत्राला माझ्या वेलीपेक्षा लय घाई दिसती."

एरवी हसली असती. "मी नाही म्हणत आबा, समीकरण म्हणतंय," म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर पाच ठिपके, त्यांतून एक रेघ आणि रेघेच्या शेजारी समीकरण. त्यात आठवडा सातवा घातला की एकोणीस. पॅकहाऊसच्या साहेबाला फोन करून तिनं टोळीसुद्धा ठरवून टाकली होती.

मी गावच्या शाळेत चौथी शिकलेला, पण मोजता येतं. पाणी उतरलं की मांडवाच्या खांबाला सुतळी बांधायची आणि दर मंगळवारी तिला एक गाठ मारायची, ही माझ्या बापाची रीत. ती सुतळी मी तिच्यापुढे धरली.

"माझ्या गाठी सहा. तुझे ठिपके पाच."

"चौथ्या आठवड्यात मी आले नव्हते ना. मी बरोबर लिहिलंय. एक, दोन, तीन, पाच, सहा."

"मंग तीन अन् पाचाच्या मधी जागा कुठं हाय?"

ती पडद्यावर वाकली. खरंच, पाच तिनाला चिकटून उभा होता. मग तिनं मला समजावलं, मला की स्वतःला कोण जाणे. ती म्हणाली, हा लाइन चार्ट आहे. त्याला खालचे आकडे म्हणजे नुसत्या नावाच्या पाट्या. समीकरण काढताना तो आठवडे धरत नाही, ठिपके मोजतो: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहा आठवड्यांची वाढ त्यानं पाचांत कोंबली, म्हणून रेघ उभी चढली. तिनं कुठंतरी बोट दाबून आठवड्याचा खरा आकडा धरणारा स्कॅटर चार्ट घेतला. आकडे तेच. पण ठिपके सरकले, तिनाच्या पुढं एक रिकामी जागा उघडली आणि समीकरण बदललं. सातव्याला सोळा पॉइंट आठ. अठराच्या वर जायला आठवा मंगळवार.

आमचे गुरुजी हजेरीत गैरहजर पोराचंही नाव घ्यायचे. बुधा महिनाभर शेरडांमागं होता, तरी रोज "बुधा" म्हणून पुकारायचे आणि क्षणभर थांबायचे. आम्ही हसायचो. मी हे साधनाबाईला सांगितलं. ती त्या रिकाम्या जागेकडेच बघत होती.

"तुम्ही त्या मंगळवारीही गाठ मारलीत?"

"तू नाय आली म्हणून मंगळवार चुकतो का?"

आता खरी पंचाईत. मागं एकदा तारीख बदलली तेव्हाच साहेबानं बजावलं होतं, पुन्हा बदलावी लागली तर बागा फिरायच्या नाहीत, लॅबमध्ये बसून नमुने तपासायचे. लॅब म्हणजे बंद दाराची खोली, ती आणि काचेच्या बाटल्या. तिथून उठून पुन्हा इंदिरानगरच्या बंद घरी. माणसाशी बोलायचं ते एवढं बागेतच.

मी म्हटलं, "सांग की, थंडीनं शुगर अडली. कोण इच्यारतंय?"

"थंडीनं नाही अडली, आबा."

माझ्यासमोरच फोन लावला. "सर, चूक माझी आहे. चार्ट चुकीचा निवडला. टोळी एक आठवडा पुढं घ्या." पलीकडचं ती उभ्यानं ऐकत राहिली. मग लॅपटॉप मिटला, चहा घेतला आणि चारच्या बसनं गेली.

सातव्या मंगळवारी दुसराच माणूस आला. गोडी सोळा पॉइंट नऊ. माझी गोष्ट सुरू व्हायच्या आत तो टेम्पोत बसला. मी सातवी गाठ मारली आणि मांडवाखाली एकटाच कप घेऊन बसलो.

आठव्या मंगळवारी वेलीच्या बुडाशी नारळ फोडला, टोळीनं कात्र्या लावल्या आणि मी लॅबमध्ये फोन केला.

"वळख साधनाबाई, आज किती गोडी?"

पलीकडून हळूच आलं, "अठरा पॉइंट दोन?"

"तीन. एका पॉइंटानं चुकलीस."

आता ती काय ऐकतेय ते मला ठाऊक होतं, म्हणून फोन न ठेवता म्हटलं, "पोरी, हितनं पुढं दर मंगळवारी मी फोन करीत जाईन. हाच सवाल इच्यारीन. चालंल?"

"बाग तर आज रिकामी होईल, आबा. पण विचारा तुम्ही. मी काहीतरी सांगेन."