दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन

मंडळी, घरी येऊन तास झाला तरी तेच डोक्यात फिरतंय, म्हणून इथे लिहितेय.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. आज दुपारी दोननंतर सगळे कॉम्प्युटर अचानक स्लो झाले. नेमकं तेव्हाच अक्कलकोटकडच्या एका बाईंना आणलं होतं. गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला. स्कॅन झाला, पण डॉक्टरांच्या स्क्रीनवर त्याचे फोटो उघडेनात.

"मॅडम, फोटो बघितल्याशिवाय मी ऑपरेशन कसं करू? लवकर बघा!" डॉक्टर ओरडले.

मी सर्व्हर रूमकडे पळाले. व्हायरस शिरला असेल अशी भीती वाटत होती. बघते तर फाइल सर्व्हरवर साठवलेले स्कॅनचे सगळे जुने फोटो बॅकअपला जात होते. त्यांनीच अख्खं नेटवर्क अडवून धरलं होतं. आणि बॅकअपची वेळ काल मीच बदलली होती! रात्रीचे दोन टाकायच्या ऐवजी दुपारचे दोन टाकले होते.

मी लगेच बॅकअप थांबवला. मिनिटभरात फोटो उघडले. ऑपरेशन नीट झालं.

डॉक्टरांना मी माझी चूक सांगितली. पण बाहेर त्या बाईंचा नवरा हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी कॉम्प्युटर चालू केला म्हणून वाचली की ओ ती. लई उपकार झाले."

"त्यांची काळजी घ्या," एवढंच म्हणून मी निघाले, माझी चूक त्यांना सांगितली नाही.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं का?