आवळून बांधणारे सेक्रेटरी

नेरूळच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खिशात नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं घेऊन फिरायचे. गळका पाइप असो की लोंबणारी केबल, ते दोरीने करकचून आवळायचे आणि हात झटकून म्हणायचे, "टेन्शन खलास." पाइप गळतच राहायचा. प्लंबरला बोलवा म्हटलं, की आपण अडाणी असल्यासारखे आपल्याकडे बघून हसायचे.

एका रविवारी खाली बॅडमिंटन खेळताना टाचेमागे कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं आणि मी कोसळलो. पाय टेकवेना. सेक्रेटरी धावत आले.

"शीर चढलीय. आवळली की बसते."

मी ओरडत होतो, तरी त्यांनी घोट्याभोवती दोरीचे वेढे घातले. वर म्हणाले, "दुखतंय म्हणजे बसतेय." पायाची बोटं निळी पडायला लागली. शेवटी माझ्या बायकोने घरातून कात्री आणली, त्यांना बाजूला ढकललं आणि दोरी कापली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा तुटलीय. बाहेरून कितीही बांधा, ती आत जुळत नाही." ऑपरेशन करून त्यांनी ती शिवली.

मी घरी आल्यावर सेक्रेटरी शहाळं घेऊन भेटायला आले. माझ्या प्लास्टरवर टकटक करून बायकोला म्हणाले, "बघा वहिनी, शेवटी त्यांनीपण आवळूनच ठेवलंय ना? तुमी उगाच घाई केलीत."

बायकोने शहाळं ठेवून घेतलं आणि त्यांना दार दाखवलं.