रोजनामच्यात लिहिलेली समझाइश

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. चौतीस वर्षं पोलिसांत काढली, टीआई म्हणजे थाना प्रभारी होऊन इंदूरमध्येच निवृत्त झालो. राजेंद्र नगरात संध्याकाळी फिरायला निघालो की मंडळी म्हणतात, "साहेब, एखादी केस सांगा ना." मी चोरांच्या, दरोडेखोरांच्या सांगतो. ही आजवर कोणाला सांगितली नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. टेबलावर पोहे-जलेबीचा कागद अजून तसाच पडला होता. तेवढ्यात साठीच्या एक बाई आत आल्या, पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या शेजारची सून मार खाते हो. रोज नवे निळे डाग. कधी दंडावर, कधी पोटरीवर. विचारलं तर म्हणते, आपोआप होतंय काकू. असं कधी आपोआप होतं का?"

"नवरा काय करतो?"

"शाळेत गणित शिकवतो. दिसायला एकदम सीधा. पण दार लावल्यावर कोण कसं वागतं, कोणी पाहिलंय?"

काकूंचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगतो. मार खाणाऱ्या बाईच्या बाजूनं बोलायला थान्याची पायरी चढणारे शेजारी मी फार थोडे पाहिलेत. चौकशीला जाणं माझं कामच होतं. चूक त्यापुढची.

वळ बघून हत्यार सांगायचं, ही त्या काळी माझी ख्याती होती. पट्टा, वायर, बेलन, मी एका नजरेत ओळखायचो. नवीन पोरांना शिकवायचो सुद्धा. त्या घरी गेलो तेव्हा नवरा-बायको दोघं कुठेतरी बाहेर निघायच्या तयारीत होती. बाईंच्या दोन्ही दंडांवर जांभळे डाग, एक मनगटापाशी, कोणी घट्ट धरावं तसा. मला पुरावा मिळाला. दोघांना जीपमध्ये बसवून थान्यात आणलं.

बाई म्हणाल्या, "मला कोणीही मारलेलं नाही." आता हे वाक्य मी शंभर बायकांच्या तोंडून ऐकलेलं. त्यातल्या एकीवर विश्वास ठेवून तिला घरी पाठवलं होतं, आणि महिन्याभरात तिचा पंचनामा मलाच करावा लागला होता. ही सबब मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिली. सबबच ती.

नियम साफ आहे. अंगावर खुणा असतील तर आधी डॉक्टरी तपासणी, मग बाकीचं. मी उलटं केलं. म्हटलं, आधी कबुली घेऊ, मेडिकल कुठे पळून जातंय?

मास्तरांना आतल्या खोलीत घेतलं. माणूस घामाघूम झालेला, पण एकच धोशा. "साहेब, तिला दवाखान्यात न्यायचंय. दोन वाजताचा नंबर लागलाय. प्लीज, आधी तिला दाखवू द्या, मग मला बंद करा."

"आता बरी दया आली रे तुला!" मी म्हणालो.

"साहेब, चिठ्ठी आहे खिशात, बघा तरी."

मी चिठ्ठी पाहिली नाही. कानाखाली ठेवून दिली. मग आणखी दोन. त्यांचा चष्मा कपाटाखाली गेला. ते खाली वाकून हातानं चाचपत होते आणि तोंडानं म्हणत होते, "साहेब, किती वाजले?"

बाहेर बाकावर बाईंजवळ आमची महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, बसली होती. महूची मराठी मुलगी, आजोबा फौजेत होते, बोलायला मोजकी. ती दारात येऊन म्हणाली, "सर, जरा ऐका. बाईंच्या पायांवर बारीक बारीक लाल ठिपके आहेत, सगळीकडे. मारलं तर असं नाही होत."

"तू मला शिकवणार का वळ ओळखायला? जा, बयान लिहून घे."

ती गेली. अर्ध्या तासानं धावतच परत आली, तिच्या वर्दीच्या बाहीला रक्त होतं. "सर, बाईंच्या नाकातून रक्त येतंय, थांबतच नाहीये!"

तेव्हा कुठे मी घड्याळ पाहिलं. साडेतीन.

जीप काढली. दवाखान्यात रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. रक्त थांबवणाऱ्या पेशी, प्लेटलेट्स, लाखांत असतात. यांच्या काही हजारच उरल्यात. नुसतं धरलं तरी डाग पडेल. मेंदूत रक्तस्राव झाला तर वाचवणं कठीण. "यांना तर दुपारीच यायचं होतं. कुठे अडकले?"

मी उलट विचारलं, "पण होतं कशानं हे?"

"शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते ना, ती घरच्याच पेशींना शत्रू समजून मारत सुटते. तुम्ही पोलीसवाले, तुम्हाला चटकन कळेल. आपलेच शिपाई घरच्याच माणसाला चोर समजून झोडपतात, तसं."

डॉक्टरीणबाईंना काही ठाऊक नव्हतं. मास्तर बाहेर बसले होते, गाल सुजलेला, चष्म्याची एक काडी मोडलेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

बाई वाचल्या. तीन दिवस जीव धोक्यात होता, मग औषधं लागू पडली. मी दवाखान्यात रोज जायचो, मास्तरांसमोर उभा राहायचो आणि काय म्हणायचो? "काही लागलं तर सांगा." बस. चूक झाली, एवढे दोन शब्द या तोंडातून निघाले नाहीत. उलट रोजनामच्यात, म्हणजे थान्याच्या रोजच्या नोंदवहीत, मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पति को समझाइश देकर छोड़ा,' म्हणजे समज देऊन सोडलं. आमच्याकडे मारालाही समझाइशच म्हणतात. मास्तरांनी तक्रार केली नाही. त्यांना बायको वाचवायची होती.

निवृत्तीनंतर एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दार बाईंनी उघडलं. दंड स्वच्छ, चेहरा भरलेला. त्यांनी मला ओळखलं, तरीही आत बोलावलं. मास्तर खिडकीशी वह्या तपासत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं."

त्यांनी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही त्यांना. पडदा फाटला होता."

मी उजव्या हाताचा माणूस. माझी थप्पड समोरच्याच्या डाव्या कानावरच बसते. त्या घरात माणसाच्या हातची खूण एकच होती, आणि ती माझी होती. वळ ओळखणाऱ्या मला ती कळायला इतकी वर्षं लागली. माझ्या अनुभवावर मी इतका खूश होतो, की समोरच्याच्या खिशातली चिठ्ठी काढून वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी पुन्हा म्हणालो. मास्तरांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय?"

मग हजेरीला लावायचो त्या आवाजात म्हणालो, "माफ करा मला! मी तुम्हाला विनाकारण मारलं!"

शेजारचं दार उघडलं. त्याच काकू, आता काठी टेकत, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. खाली अंगणात कोणीतरी वर पाहू लागलं.

"हां, आता ऐकू आलं," मास्तर म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.